नव्या वर्षाची घंटा

[एका माध्यमिक विद्यालयाच्या नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशीं जमलेल्या पालकांपुढें शेजारच्या खेड्यांतील प्राथमिक शाळेच्या शिक्षकानें केलेलें भाषण.]



मृगाचा पाऊस पडून गेला आहे. जमिनीला वाफसा आला आहे. कोणाची पाभर अंगणांत उभी आहे, कोणी ट्रॅक्टरवाल्याला सांगून ठेवलें आहे. अशा दिवशीं शेतकऱ्यानें दोन तास शाळेच्या पटांगणांत येऊन बसणें, सुतारानें हातांतला वाकस खालीं ठेवणें, लोहारानें भाता थांबविणें म्हणजे काय, हें आम्हांस कोणी सांगावयास नको. आमचा जन्म अशाच घरांतला. तुमचा वेळ फुकटचा नाहीं. म्हणून आम्हीहि फुकटचें बोलणार नाहीं.

आज येथें नारळ फुटला नाहीं कीं मुहूर्त काढला नाहीं. हें पाहून एका वृद्ध बाबांनीं मघाशीं आम्हांस हळूच विचारलें, "गुरुजी, दिवस तरी चांगला आहे ना?" आम्हीं म्हटलें, "बाबा, तुमची नात ज्या दिवशीं हायस्कुलांत पाय ठेवते तो दिवस वाईट कसा असेल?" विद्या येण्यासाठीं पंचांग उघडावें लागत नाहीं, पुस्तक उघडावें लागतें.

आमच्या शाळेची सातवी सुटलेलीं मुलें आज या विद्यालयाच्या आठवींत बसत आहेत. ज्यांना आम्हीं पाटी कशी धरावी हें शिकविलें, त्यांना या दारापर्यंत पोंचवावयास आम्ही आलों आहों. येथल्या मुख्याध्यापकांनीं चार शब्द बोलावयास सांगितलें, तेव्हां विचार केला कीं स्वागताचे गोड शब्द बोलून घरीं जाणें सोपें आहे. परंतु वीस वर्षें मास्तरकी करून जें डोळ्यांनीं पाहिलें तें न सांगणें म्हणजे तुमची फसवणूक होईल.

तें असें कीं, मूल जून महिन्यांत बुडत नाहीं. जूनमध्यें सगळ्यांचीं नांवें पटावर असतात, सगळ्यांच्या पाठीवर दप्तर असतें, सगळे बाप हौसेनें येतात. मूल बुडतें तें दसरा आणि होळी यांच्या मध्यें. बाजरी खळ्यावर येते, कापूस फुटतो, ऊसतोडीची उचल घेतलेली असते आणि मुकादमाचा निरोप येतो. तान्ह्याला सांभाळावयास घरांत कोणी नसतें. मग बाप म्हणतो, "आठ दिवस राहूं दे घरीं, तेवढ्यानें काय होतें?" आठाचे पंधरा होतात, पंधरांचा महिना होतो. दिवसाच्या आठ तासिका व महिन्याचे चोवीस दिवस धरले तर एकशें ब्याण्णव तासिका गेल्या. मूल परत येऊन वर्गांत बसतें तेव्हां गणिताचें पुस्तक तीन धडे पुढें गेलेलें असतें. त्याला कांहीं समजत नाहीं. समजत नाहीं म्हणून लाज वाटते. लाज वाटली कीं तें आपणच म्हणूं लागतें, "बाबा, मला शाळा नको." आणि बाप शेजाऱ्याला सांगतो, पोराला डोकेंच नाहीं. मायबापांनो, पोराला डोकें होतें. त्याला दिवस मिळाले नाहींत.

हें "डोकें नाहीं" प्रकरण आजचें नव्हे. शूद्रांना व स्त्रियांना विद्या पचत नाहीं, विद्या त्यांच्या नशिबींच नाहीं, असें पोथीचा आधार देऊन सांगणारे आपल्या देशांत शेंकडों वर्षें होते, आणि ऐकणारेहि होते. १८४८ सालीं जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं पुण्यास भिडे यांच्या वाड्यांत मुलींची शाळा उघडली. पुढें सातच वर्षांनीं, १८५५ सालीं, त्यांच्या शाळेंत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग समाजाच्या मुलीनें महार-मांगांच्या दुःखाविषयीं लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदय’ पत्रांत छापून आला. डोक्याचा प्रश्न तेथेंच मिटला. राहिला तो प्रश्न भाकरीचा, निवाऱ्याचा आणि दिवसांचा.

जोतीरावांनीं हें ओळखलें होतें. १८८२ सालीं हंटरसाहेबांचें शिक्षण कमिशन आलें, तेव्हां त्यांनीं निवेदन लिहून दिलें. सरकारचा वसूल रयतेच्या घामांतून येतो, आणि त्यांतून शिकतात मात्र वरिष्ठ वर्गांचीं मुलें, हें त्यांनीं स्पष्ट मांडलें. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करा, अशी मागणी केली. ती मागणी इंग्रज सरकारनें त्या वेळीं मानली नाहीं. सयाजीराव महाराजांनीं १८९३ सालीं अमरेली भागांत व १९०६ सालीं सगळ्या बडोदें संस्थानांत सक्तीचें शिक्षण सुरू केलें. शाहू महाराजांनीं १९१७ सालीं कोल्हापूर संस्थानांत तें मोफत व सक्तीचें केलें.

पण हें झालें प्राथमिक शिक्षणाचें. हायस्कूल त्या काळीं शहरांत. खेड्यांतला हुशार मुलगा चौथी-पांचवी झाला कीं पुढें कोठें जाणार? शहरांत त्याला ना ओळख, ना छप्पर, ना भाकरी. म्हणून शाहू महाराजांनीं १९०१ सालीं कोल्हापुरांत मराठा बोर्डिंग काढलें आणि मागोमाग निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठीं बोर्डिंगांस मदत केली. म्हणून भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं कऱ्हाडजवळच्या काले या गांवीं रयत शिक्षण संस्था स्थापन केली व १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह उघडलें. तेथें सगळ्या जातींचीं मुलें एका पंक्तीला जेवत. त्या मुलांच्या पोटाला कमी पडूं लागलें तेव्हां भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं अंगावरचे दागिने दिले. शेवटीं मंगळसूत्रहि दिलें. १९४० सालीं साताऱ्यास निघालेल्या महाराजा सयाजीराव हायस्कुलांत मुलें हातानें काम करीत आणि शिकत.

इकडे रामजी सुभेदारांचें घर पाहा. मुलगा भीमराव यास पुस्तक पाहिजे असलें कीं हातीं पैसा नसतांना ते आपल्या मुलींच्या अंगावरचा दागिना मागून गहाण ठेवीत आणि पुस्तक आणीत. तो मुलगा १९०७ सालीं मॅट्रिक झाला, तेव्हां कृष्णराव अर्जुन केळूसकर गुरुजींनीं त्याच्या पाठीवर हात ठेवला व पुढें सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ति मिळवून देण्यास हातभार लावला. एका मुलाच्या मागें बाप, बहिणी, गुरुजी आणि राजा असे चौघे उभे राहिले, तेव्हां त्याची विद्या शेवटास गेली. ज्या मुलांच्या मागें कोणीच उभें राहिलें नाहीं, त्यांचीं नांवें आपणांस ठाऊक नाहींत.

आज स्थिति पालटली आहे. हायस्कूल गांवाजवळ आलें. २००९ सालीं शिक्षणाच्या हक्काचा कायदा झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. जोतीरावांच्या मागणीला सवाशें वर्षें उलटून गेल्यावर हें घडलें! परंतु त्या कायद्याचा हात सहा ते चौदा वर्षें वयापर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत पोंचतो. दुपारचें जेवण आठवीपर्यंत, फुकट पुस्तकें आठवीपर्यंत. नववींत मूल गेलें कीं कायदा हात सोडतो. म्हणजे ज्या वयांत मुलगा कामाला उपयोगी पडूं लागतो आणि मुलीला स्थळें येऊं लागतात, नेमक्या त्याच वयांत शाळेंत टिकण्याचा सगळा भार घरावर येतो. आज जीं मुलें आठवींत बसलीं त्यांच्या मायबापांनीं हें आजच ध्यानांत घ्यावें. तुमच्यापाशीं तयारीला एक वर्ष आहे.

ह्या वर्षांत काय मिळूं शकतें तेंहि ऐका. आठवींत असतांना राष्ट्रीय शिष्यवृत्तीची एक परीक्षा असते. ज्यांचें वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आंत आहे अशा घरच्या, सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांना तीस बसतां येतें. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. मुलींची शिक्षण फी बारावीपर्यंत माफ आहे. खेड्यांतून शाळेस येणाऱ्या मुलींना अहिल्याबाई होळकरांच्या नांवानें एस. टी.चा मोफत पास मिळतो. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठीं हंगामी वसतिगृहें निघतात, आणि संत भगवानबाबांच्या नांवानें शासकीय वसतिगृहें काढण्याची योजना २०२१ सालीं झाली. आपल्या तालुक्यांत जागा आहे कीं नाहीं, हें उचल घेण्याच्या आधीं विचारा. कोयता खांद्यावर टाकल्यावर विचारून उपयोग नाहीं. आणि दाखला, उत्पन्नाचा कागद, बँकेचें खातें हीं कामें पेरणी झाली कीं उरका. अर्जाची मुदत कोणाच्या काढणीसाठीं थांबत नाहीं.

आतां आमची स्वतःची एक चूक सांगतों. पालकांच्याच चुका सांगितल्या तर तें भाषण खरें होणार नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या शाळेंतून एक मुलगी सातवींत पहिली आली. आईबाप कोयत्यावर जाणारे. मुलगी हायस्कुलांत गेली, आठवी झाली, नववीहि निम्मी झाली. दिवाळी संपून पंधरा दिवस झाले होते. सकाळीं शाळेंत जातांना रस्त्यांत ट्रॅक्टर उभा दिसला. वर पत्रे, भांडीं, सरपण, दोन शेरडें. आणि त्या सामानावर ती मुलगी धाकट्या भावाला मांडीवर घेऊन बसलेली. तिनें आम्हांस पाहिलें व मान खालीं घातली. तिचा बाप दोर आवळीत होता. आम्ही थांबलों. मनांत आलें, बोलावें. दुसऱ्या क्षणीं मनांत आलें, ती आतां आपल्या शाळेची नाहीं. तिचे मास्तर पाहून घेतील. "जपून जा हो," एवढेंच बोललों आणि सायकल पुढें काढली. शाळेंत जाऊन पांचवीला पाढे म्हणावयास लावले.

ती होळी झाल्यावर परत आली. शाळेंत मात्र आली नाहीं. पुढचा पाऊस पडण्यापूर्वीं तिचें लग्न झालें. कायद्यानें अठरा वर्षें पाहिजेत. तिला सोळाहि पुरीं नव्हतीं. लग्नाची पंगत गांवानें जेवली. पत्रिका आम्हांसहि आली होती. आम्ही गेलों नाहीं, परंतु तक्रारहि केली नाहीं. न जाणें हाच आपला मोठा निषेध असें आम्हीं स्वतःस समजाविलें.

गेल्या वर्षीं ती आपल्या मुलाचें नांव पहिलींत घालावयास आमच्या शाळेंत आली. अंगठ्याची शाई आम्हीं पुढें केली नव्हती, तरी तिनें आधींच सांगितलें, "गुरुजी, मी सही करणार." सही केली. अक्षर आम्हीं गिरवून घेतलेलें तेंच. आणि मग तिनें विचारलें, "मला आतां दहावीला बसतां येईल का?" सात-आठ वर्षें संसार, ऊस, दोन बाळंतपणें, आणि प्रश्न हा! आम्हांस त्या वेळीं तोंड वर करवेना. तिच्या बापाचा दोर आम्हांस आठवला. त्या सकाळीं आम्ही सायकलवरून उतरून दहा मिनिटें बोललों असतों तर बापानें ऐकलें असतें असें आम्ही छातीठोक सांगूं शकत नाहीं. पण आम्ही बोललोंच नाहीं, हें मात्र छातीठोक सांगतों.

तेव्हां अनुभवाची कांहीं मागणीं तुमच्यापुढें ठेवतों.

पहिलें, दिवसांचा हिशेब ठेवा. दूधवाल्याचा हिशेब भिंतीवर रेघा ओढून ठेवतां ना? तसेंच, मूल ज्या दिवशीं शाळेंत गेलें नाहीं त्या दिवशीं चुलीमागच्या भिंतीवर कोळशानें एक रेघ ओढा. ज्या आईला अक्षर येत नाहीं तिलाहि रेघ ओढतां येते. दिवाळीला त्या रेघा मोजा. शेतीकामाला आमचा विरोध नाहीं. रविवार आहे, सुट्ट्या आहेत, शाळा सुटल्यावरचा वेळ आहे. मुलानें रानांत हात लावलाच पाहिजे. परंतु शाळेचा दिवस मोडूं नका. जोंधळा पोटरींत आला असतां त्यांत गुरें सोडणारा शेतकरी आम्हीं पाहिला नाहीं. नववीचें मूल पोटरींतला जोंधळाच आहे.

दुसरें, मुलीविषयीं. एकाच घरांत सायंकाळीं मुलगा पुस्तक घेऊन दिव्याखालीं बसतो आणि मुलगी भांडीं घेऊन मोरींत बसते. परीक्षा मात्र दोघांची एकच! भांडीं दोघांनीं वांटून घ्यावींत. मुलगा घागर आणील तर त्याचें कांहीं कमी होणार नाहीं. आणि लग्नाची घाई करूं नका. २००६ च्या कायद्याप्रमाणें अठरा वर्षांच्या आंत मुलीचें लग्न करणारे आईबाप, तें लावणारा भटजी, सगळेच शिक्षेस पात्र आहेत. दक्षिणा घेऊन तो दुसऱ्या गांवीं जाईल. कोर्टांत तुम्ही उभे राहाल, आणि जन्मभर सोसील ती मुलगी.

तिसरें, खर्चाविषयीं. लग्नाची वाजंत्री, जत्रेचा मान, नवसाचें बकरें, वरातींतला कर्णा यांस कर्ज मिळतें. नववीच्या पुस्तकांस पैसा नाहीं म्हणतात. देवाला पुस्तकाची हरकत आहे असें कोणत्या देवानें सांगितलें? यंदा एक नवस कमी बोला आणि मुलाला कंपासपेटी घ्या.

चौथें, शाळेंत येत जा. "आम्ही अडाणी, आम्हांस काय कळतें?" असें म्हणून दूर राहूं नका. बैल न शिकतां तुम्हांस पारखतां येतो. तसें मुलाला रात्रीं जवळ बसवून म्हणा, "आज काय शिकलास तें वाचून दाखव." वाचतांना अडखळला कीं तुम्हांस कळेल. वहींत लाल शाई किती दिवसांत दिसली नाहीं तें पाहा आणि मास्तरांस विचारा. विचारणें हा तुमचा हक्क आहे.

कारागीर बंधूंस एक वेगळें सांगावयाचें आहे. पोरगा शिकला कीं वाकस धरावयास लाजेल, अशी तुम्हांस भीति वाटते. ती अगदींच खोटी नाहीं. शाळांनीं अशीं लाजणारीं मुलें पुष्कळ केलीं आहेत. म्हणूनच जोतीरावांनीं १८८२ च्या त्याच निवेदनांत मागितलें कीं खेड्यांतील शिक्षक कुणबी-कारागिरांच्या वर्गांतले असावेत, ज्यांना नांगराचें रुमणें किंवा सुताराचा वाकस हातीं धरावयास लाज वाटणार नाहीं. आम्हीं मराठी अध्यापक विद्यालयांत दोन वर्षें शिकलों, आणि आजहि सुटीच्या दिवशीं रुमणें धरतों. सुताराच्या मुलानें गुण्या लावून काटकोन काढलेला असतो. भूमितींत त्याच काटकोनाचें कारण त्याला कळतें. कुंभाराच्या मुलाला चाकावर वर्तुळ रोज दिसतें. त्याच्या बापाचें काम हाच त्याचा पहिला धडा आहे, हें शिक्षकानें वर्गांत मोठ्यानें सांगितलें तर तो मुलगा कशाला लाजेल?

म्हणून येथल्या गुरुजनांसहि हात जोडून विनंति आहे. आमचीं मुलें खेड्याची बोली बोलतात. तिला हंसूं नका. हजेरी घेतांना सगळ्या वर्गांत जात विचारूं नका. कागदावर पाहिजे ती माहिती कागदावरून घ्या. महिनाभर मूल आलें नाहीं कीं नांवापुढें फुली मारणें सोपें आहे. तीन दिवस आलें नाहीं कीं त्याच्या घरीं जाणें हें शिक्षण आहे. आणि परत आलेल्या मुलाला "कोठें मेला होतास?" असें न विचारतां, मधले धडे भरून काढावयास आठवड्याचे दोन तास द्या. आमची प्राथमिक शाळा सायंकाळीं उघडी ठेवूं; तेथें येऊन बसणाऱ्या मुलांस आम्ही शिकवूं. "तें मूल आतां आमच्या शाळेचें नाहीं" हें वाक्य आम्हीं एकदां मनांत म्हटलें, तेवढें पुरें झालें.

त्या मुलीचें पुढें काय झालें, हें विचारणें राहिलें. शाळा सुटलेल्या माणसालाहि सतरा नंबरचा अर्ज भरून खाजगी विद्यार्थी म्हणून दहावीच्या परीक्षेस बसतां येतें. तिचा अर्ज आम्ही यंदा भरणार आहों. नवऱ्यानें हो म्हटलें आहे; सासूनें अजून म्हटलेलें नाहीं. आज ती येथें आली आहे. कोठें बसली आहे तें आम्ही सांगणार नाहीं, आणि तुम्हींहि मागें वळून शोधूं नका. दिवाळीनंतर ट्रॅक्टर तिच्याहि दारांत येईल. या खेपेस आम्ही सायकलवरून उतरूं, एवढें वचन तिला सर्वांसमक्ष देतों. तुमच्या गल्लींतल्या कोणा मुलीसाठीं तुम्हांपैकीं कोणी उतरेल काय, याचें उत्तर आज नको. दसऱ्यानंतर द्या.

आतां घंटा होईल. मुलांनो, आपापल्या वर्गांत जा. हें दार तुमचें आहे. मायबापांनो, तुम्ही पेरणीला जा. पाऊस चांगला होवो, पीक चांगलें येवो, आणि होळीच्या दिवशीं या पटावर आज आहेत तितकींच नांवें हजर असोत.